अंगठा इथे, विमान तिथे

उजव्या हाताचा अंगठा जरासा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर, स्वतःकडे ओढा. तिकडे दीडशे मीटरवर, दहा मजली इमारतीएवढ्या उंचीवर असलेलं फोमचं पांढरं विमान लगेच नाक वर करतं. मध्ये तार नाही, दोरी नाही. पतंग उडवताना मांजाचा ताण तरी बोटाला कळतो; इथे तोही नाही. मग अंगठ्याला काय हवंय ते विमानाला कळतं कसं?

आज आपण त्या अर्ध्या सेंटिमीटरचा पाठलाग करणार आहोत. अंगठ्यापासून निघायचं आणि थेट विमानाच्या शेपटीपर्यंत जायचं. पण त्यासाठी आधी विमान तर हवं! चला, बांधायला घेऊ.

प्रकल्पांसाठी स्टेशनरीच्या दुकानात फोमबोर्ड मिळतो. दोन कागदांच्या मध्ये हलका फोम असतो. ५ मिलिमीटर जाडीचा घ्या. दुकानदार कदाचित सनबोर्ड दाखवेल. दिसायला जवळपास तसाच, पण उचलला की वजन कळतं. विमानाला तो नको. कटर धारदार असतो आणि ग्लूगनचं टोक चांगलंच भाजतं, म्हणून कापताना आणि चिकटवताना आई, बाबा, मामा किंवा मोठी ताई, कुणीतरी शेजारी बसलेलं हवंच.

पहिल्या विमानाला पंख पोटाच्या वर असावेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंख पुरेसा होतो. त्याच्या आत पतंगाला लावतात तशा बांबूच्या कामट्या चिकटवल्या की तो हवेत वाकत नाही. आता एक महत्त्वाची गोष्ट: पंख सपाट फळीसारखा ठेवायचा नाही. मधोमध हलकी घडी घालून दोन्ही टोकं टेबलापासून पाच-सहा सेंटिमीटर उचलायची, म्हणजे समोरून पाहिलं की उथळ ‘व्ही’ दिसेल. असं का? समजा, वाऱ्याच्या झुळकीने विमान डावीकडे कलंडलं. मग ते डावीकडे थोडं घसरू लागतं. घसरताना खाली गेलेल्या डाव्या पंखाला हवा जास्त कोनातून भिडते, त्याला जास्त उचल मिळते आणि तो पुन्हा वर येतो. कुणी काही केलं नाही, तरी विमान सावरतं!

ही युक्ती राइट बंधूंच्याही आधीची आहे. १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान उडवलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. त्याच्या पंखांची टोकं वर उचललेली होती आणि मागे शेपटीला आडवा पंख होता. म्हणून ते कुणाच्याही मदतीशिवाय हवेत सरळ राहिलं. पुढे १८७८ मध्ये राइट भावंडांच्या वडिलांनी घरी एक खेळणं आणलं. बांबू, बूच, कागद आणि रबर यांचं, भिरभिरत वर जाणारं. तेही पेनोच्याच कल्पनेवर बेतलेलं होतं. ऑर्व्हिल तेव्हा सात वर्षांचा होता आणि विल्बर अकराचा. म्हणजे माणूस बसलेलं विमान उडायच्या कितीतरी आधी खेळण्यातलं विमान उडालेलं होतं. मला हे फार आवडतं.

आता शेपूट. आडवा पंख कापलात की त्याच्या मागच्या काठाजवळ तीन-चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी आखा. त्या रेषेवर कटर असा फिरवा की वरचा कागद आणि मधला फोम कापला जाईल, पण खालचा कागद शाबूत राहील. मग फोमची कड थोडी तिरकी तासा. झाली बिजागरी! आता ती पट्टी वरखाली हलेल. ही पट्टी म्हणजे एलिव्हेटर. उभ्या शेपटीलाही अशीच डावी-उजवी हलणारी पट्टी करा. तो रडर, म्हणजे सुकाणू. पहिल्या विमानाला हे दोन आणि मोटरचा वेग, एवढंच पुरतं. मोठ्या विमानांच्या पंखांवर एलेरॉन नावाच्या पट्ट्याही असतात. आपल्याकडे वर उचललेली टोकं आहेत, त्यामुळे रडरने नाक वळवलं की विमान आपोआप कलतं आणि वळतं.

नाकावर मोटर येते. हिला तीन वायरी असतात आणि ती उलटी फिरली तर त्यांतल्या कोणत्याही दोन अदलाबदल करायच्या, झालं काम. मोटरवर ‘१००० केव्ही’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, प्रोपेलर न लावता दर व्होल्टला मिनिटाला साधारण १,००० फेरे. बॅटरी ११.१ व्होल्टची, म्हणजे ११,१०० फेरे! १० इंची प्रोपेलर बसवल्यावर फेरे कमी होतात. ते मिनिटाला ८,००० धरले, तरी प्रोपेलरच्या टोकाचा वेग किती होईल? करा गुणाकार. ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास उत्तर येतं. म्हणून घरात चाचणी करताना प्रोपेलर काढूनच ठेवायचा आणि मैदानावर बॅटरी जोडल्यापासून कुणीही त्याच्या समोर किंवा बाजूला उभं राहायचं नाही. या बाबतीत मी कुणालाच सूट देणार नाही.

आता पाठलाग सुरू!

रिमोटवरच्या स्टिकच्या खाली एक छोटा फिरता विद्युतरोधक असतो. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली असायचा, त्याच जातीचा. स्टिक हलली की रोधक फिरतो आणि त्यातून मिळणारा व्होल्टेज बदलतो. रिमोटमधली चिप हा व्होल्टेज सतत मोजत असते आणि त्याचा आकडा करते. स्टिक मधोमध असेल तर १५००, एका टोकाला १०००, दुसऱ्या टोकाला २०००. तुमचा अर्धा सेंटिमीटर म्हणजे समजा १७५०. अंगठ्याची हालचाल आता एक संख्या झाली.

ही संख्या रेडिओलहरींवर बसते. लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावतात आणि प्रकाशाच्या वेगाने धावतात. दीडशे मीटर जायला त्यांना सेकंदाचा फक्त वीस लाखावा भाग लागतो. या कंपनांच्या एका लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर. विमानातल्या रिसीव्हरच्या बारीक वायरीचं टोक बघा. तिथे सुमारे ३ सेंटिमीटर उघडा भाग असतो, लहरीच्या लांबीचा बरोबर चौथा हिस्सा. तो अँटेना आहे. लांब दिसतो म्हणून कापायचा नाही, बॅटरीभोवती गुंडाळायचा नाही.

पण थांबा. घरातलं वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात बोलतात. शेजारी आणखी कुणी विमान उडवत असेल तर त्याचाही रिमोट इथलाच. मग तुमचं विमान त्याचं का ऐकत नाही? पहिली गोष्ट, तुमच्या रिमोटला स्वतःचा एक ओळख-क्रमांक असतो आणि रिसीव्हरला तो एकदाच शिकवून ठेवलेला असतो. दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. हल्लीचे बरेच रिमोट एकाच वाहिनीवर थांबत नाहीत. ते क्षणाक्षणाला एका वाहिनीवरून दुसरीवर उड्या मारतात आणि रिसीव्हरही त्याच क्षणी त्याच वाहिनीवर उडी मारतो. ठिकरी खेळताना दोन मैत्रिणींनी घरांचा क्रम आधीच ठरवून घ्यावा आणि दोघींचा पाय नेहमी एकाच घरात पडावा, तसं. एखाद्या घरात गोंगाट असला तरी पुढच्या उडीत दोघी तिथून बाहेर!

अशी उड्या मारण्याची एक योजना हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी मांडली होती. त्यांना तिचं पेटंट १९४२ मध्ये मिळालं. पाणतीराला रेडिओने दिशा द्यायची आणि शत्रूला तो संदेश बिघडवता येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. उड्यांचा क्रम ठरवायला त्यांनी आपोआप वाजणाऱ्या पियानोतली भोकं पाडलेली कागदी गुंडाळी वापरायची ठरवली होती आणि वाहिन्या ठेवल्या होत्या ८८. पियानोच्या पट्ट्या तेवढ्याच असतात!

तर संख्या विमानात पोहोचली. रिसीव्हर तिचं पुन्हा विजेत रूपांतर करतो. तो सर्वोला सेकंदाला ५० वेळा विजेचा छोटा ठोका देतो. ठोका किती वेळ टिकला, त्यात सगळा अर्थ असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका टिकला तर एक टोक, त्याच्या दुप्पट टिकला तर दुसरं टोक, दीडपट म्हणजे मधोमध.

आणि आता आलं मला सगळ्यात आवडणारं ठिकाण. सर्वो म्हणजे जेमतेम ९ ग्रॅमचा निळसर डबा. आत इवलीशी मोटर, चार-पाच दातेरी चाकं आणि आणखी काय असतं माहीत आहे? एक छोटा फिरता विद्युतरोधक! तुमच्या अंगठ्याखाली आहे तसाच. सर्वोची दांडी फिरली की तोही फिरतो. आतलं सर्किट सारखं तपासत असतं: आलेला ठोका काय सांगतोय आणि माझा रोधक कुठे आहे? फरक असेल तर मोटर फिरते. दोन्ही जुळले की थांबते. वाऱ्याने पट्टी दाबून सर्वोला जागेवरून हलवायचा प्रयत्न केला, तर पुन्हा फरक पडतो आणि मोटर पुन्हा पट्टीला जागेवर आणते. म्हणजे एक रोधक तुमच्या हातात, दुसरा आकाशात, आणि मधली सगळी यंत्रणा एवढ्याचसाठी झटते की इथला जितका फिरला तितकाच तिथला फिरावा.

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. अमेरिकेतल्या कॅलमझू गावात वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचं रेडिओवर चालणारं विमान उडवलं. एक विमानं बांधण्यात तरबेज, दुसऱ्याला रेडिओचा नाद. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं अनेक हौशी मंडळींच्या रिमोटवर नुसतं एक बटण असायचं. दाबलं की सुकाणू पूर्ण वळायचं, सोडलं की सरळ. ‘थोडंसं’ सांगायची सोयच नव्हती. तुमचा अंगठा आज ‘किंचित’, ‘अजून जरा’, ‘बस’ असं सगळं सांगू शकतो.

सर्वोच्या दांडीपासून एलिव्हेटरपर्यंत एक ताठ तार जाते. सायकलचा जुना स्पोक यासाठी उत्तम. तार सरकते, पट्टी वर उचलली जाते. वाहती हवा त्या पट्टीवर आपटून वरच्या दिशेला वळते. हवेला वर ढकललं तर हवा शेपटीला खाली ढकलते. शेपूट खाली गेली की नाक वर! टेबलफॅनसमोर जाड पुठ्ठा आडवा धरा आणि त्याची मागची कड किंचित वर वाकवा. हाताला तो धक्का स्पष्ट जाणवेल. पाठलाग संपला: अंगठा, संख्या, लहर, ठोका, चाकं, तार, हवा.

मैदानावर जायच्या आधी एकच चाचणी उरली, पण तिच्यावर सगळं उड्डाण अवलंबून आहे. बॅटरी, मोटर, सगळं जागेवर बसवा. पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेपाच सेंटिमीटर मागे, खालच्या बाजूला दोन खुणा करा, पोटाच्या एक डावीकडे, एक उजवीकडे. त्या खुणांवर दोन बोटांनी विमान उचला. ते आडवं तोलून राहिलं पाहिजे, नाक केसभर खाली असलं तर छानच. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. शेपूट जड असलेल्या विमानाचं नाक झुळकीने एकदा वर गेलं की ते खाली यायचं नावच घेत नाही, आणखी वर जातं, वेग संपतो, पंखावरची हवा सुटते आणि विमान दगडासारखं कोसळतं. नाक थोडं जड असेल तर ते आपणहून खाली येतं आणि वेग टिकतो. वजनकाटा किंवा महागडी मोटर नसली तरी चालेल, हा तोल मात्र चुकता कामा नये.

जागा कोणती? पीक निघाल्यानंतरचं मोकळं रान उत्तम. विजेच्या तारा, रस्ता, गुरं, खेळणारी मुलं आणि कठडा नसलेली विहीर जवळ नको. वर बघत मागे मागे चालताना पाय कुठे पडतो ते कळत नाही. संक्रांतीच्या दिवसांत आकाशात मांजा असतो, तेव्हा थांबा. विमानतळ आणि लष्करी आवारांच्या जवळ उडवायला मनाई आहे. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या नकाशावर लाल, पिवळे आणि हिरवे भाग दाखवलेले असतात. वजनाप्रमाणे नियमही बदलतात, ते मोठ्यांनी आधी वाचायचे. आणि वेळ? सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास. तेव्हा वारा झोपलेला असतो.

आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. उलट करायचं नाही. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर जातो ना? उजवीकडे नेली की मागून पाहताना रडर उजवीकडे जातो ना? हे दरवेळी बघायचं. मग मोटर बंद ठेवूनच विमान गवतावर हलकेच सरळ पुढे सोडा. ते सावकाश घसरत उतरलं तर तोल बरोबर आहे.

आता खरं उड्डाण. ताईने वाऱ्याकडे तोंड करून विमान पोटाला, प्रोपेलरच्या बरंच मागे धरायचं. तुम्ही मोटरचा वेग जवळजवळ पूर्ण द्या. ताईने ते वर न भिरकावता सरळ पुढे फेकायचं. पहिल्या दोन सेकंदांत स्टिकला अगदी हलका हात. ते चढू लागेल. चढू द्या, तीस-चाळीस मीटर. उंचीची भीती वाटते खरी, पण उंची म्हणजे चूक सुधारायला मिळालेला वेळ. जमिनीजवळ तो वेळ नसतो. मग मोटर अर्ध्यावर आणा. काही बिनसलं तर अंगठा स्टिकवरून उचला. पेनोची युक्ती आठवते ना? विमान स्वतः सावरेल.

पहिल्या वळणानंतर एक विचित्र गोष्ट घडते. विमान तुमच्याकडे तोंड करून येऊ लागतं आणि डावं-उजवं उलटं होतं! तुम्ही उजवीकडे सांगता, ते तुमच्या डावीकडे जातं. रिमोट बरोबरच आहे. तो विमानाची उजवी बाजू ओळखतो, तुमची नाही. यावर एक सोपा उपाय आहे. येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची. विमान सरळ होतं. संगणकावरच्या सिम्युलेटरवर याचा भरपूर सराव होतो आणि तिथे फोम मोडत नाही. मी तर म्हणेन, ते जमेपर्यंत मैदानाची घाई नको.

वाऱ्याचीही एक फसवणूक समजून घ्या. ताशी ३० किलोमीटरने उडणारं विमान १० किलोमीटरच्या वाऱ्याविरुद्ध जाताना जमिनीवरून २० चं दिसतं, वाऱ्याबरोबर ४० चं. वेगाने जाताना दिसलं म्हणून मोटर एकदम कमी केली तर घात होतो, कारण पंखांना जमीन ठाऊक नसते. त्यांच्यावरून जाणारी हवा तेवढीच, ३० ची असते.

विमान नेहमी डोळ्यांना दिसेल एवढंच दूर न्यायचं. १ मीटरचा पंख तीन-चारशे मीटरवर ठिपका होतो आणि ते येतंय की जातंय हेही कळत नाही. मग समुद्र ओलांडणारं विमान कसं उडवलं असेल? हो, असं विमान आहे! मेनार्ड हिल या अमेरिकी हौशी कारागिराने बाल्सा लाकडाचं, इंधनासकट ५ किलोंहून कमी वजनाचं विमान बांधलं. ९ ऑगस्ट २००३ रोजी ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून निघालं. वर चढल्यावर उपग्रहांकडून दिशा घेणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने ते ताब्यात घेतलं. ३८ तास ५२ मिनिटांनी, अटलांटिक महासागरावर ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापून ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर दिसलं आणि तिथे वाट पाहणाऱ्या डेव्ह ब्राऊन यांनी रिमोट घेऊन ते उतरवलं. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आधीचे प्रयत्न फसले होते, तरी ते पुन्हा लाकूड तासायला बसले होते.

तुमचं पहिलं उड्डाण पाच मिनिटांचं असू द्या. बॅटरी पूर्ण संपायच्या आत उतरायचं, म्हणजे एखादी फेरी चुकली तर पुन्हा वर जाता येतं. वाऱ्याकडे तोंड, मोटर हळूहळू बंद, पंख सरळ. कमरेएवढी उंची राहिली की स्टिक किंचित स्वतःकडे. गवतावर पोट टेकेल. आडवं पडलं, पंख दुमडला, तरी हरकत नाही. फोम आणि ग्लूगन असताना बरंचसं सायंकाळपर्यंत दुरुस्त होतं, आणि कुठे काय चिकटवायचं हे तुम्हालाच सगळ्यांत चांगलं माहीत असतं, कारण ते तुम्हीच कापलेलं आहे. तडा गेलेला प्रोपेलर मात्र चिकटवायचा नाही, फेकायचा.

उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी काढा, मग रिमोट बंद करा. ही लिपो बॅटरी जपावी लागते. तिच्यात तीन सेल असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक ४.२ व्होल्टचा. ती आठवडाभर तशीच भरलेली ठेवू नका, रिकामीही ठेवू नका. दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवली की ती टिकते. चार्ज करताना बॅलन्स चार्जर वापरा, ती फरशीवर ठेवा आणि मोठं माणूस खोलीत असू द्या. फुगलेली दिसली तर चार्जरला लावायचीच नाही. आणि रिमोटचा स्विच पुन्हा एकदा बघा. तो चालू राहिला तर पुढच्या रविवारी मैदानावर पोहोचाल तेव्हा त्यातले सेल संपलेले असतील.